शेळीचं बाळंतपण करून बायकांची भीती घालवणाऱ्या डॉ. रखमाबाई राऊत

पुण्यतिथी विशेष | कळा कधी सुरू झाल्या हे ओळखा, घरातून वेळेवर निघा

आज २५ सप्टेंबर, डॉ. रखमाबाई राऊत यांची पुण्यतिथी. १९५५ साली आजच्या दिवशी मुंबईत त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांच्या वयाला ९१ वर्षं पूर्ण व्हायला दोनच महिने कमी होते. कोर्टात उभी राहून बालविवाह नाकारणारी मुलगी म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात, सिनेमात येतं. २०१७ साली त्यांच्या जयंतीला गुगलनेही आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं होतं. पण कोर्टाच्या चार वर्षांनंतर त्यांनी पस्तीस वर्षं काय केलं, हे गावाकडे फार कुणाला माहीत नाही. त्यांनी बायकांची बाळंतपणं केली. अडलेल्या बाया सोडवल्या. आणि घरातून वेळेवर दवाखान्यात यायचं, ही साधी वाटणारी गोष्ट दोन शहरांतल्या बायकांच्या गळी उतरवली. ही साधी गोष्ट आपल्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर आजही काही घरांत चुकते, म्हणून आज त्यांची आठवण.

पंधराव्या वर्षी आई झालेल्या बाईची लेक

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. आईचं नाव जयंतीबाई, वडिलांचं जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमा झाली आणि सतराव्या वर्षी नवरा वारला. म्हणजे आजच्या हिशोबाने ज्या वयात मुलगी अकरावीला असते, त्या वयात ही बाई विधवा झाली होती आणि कडेवर अडीच वर्षांची पोर होती.

त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करायची मुभा होती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. लग्नाआधी आपल्या वाट्याची मालमत्ता त्यांनी रखमाच्या नावावर करून दिली. पुढे याच मालमत्तेवरून बरंच महाभारत झालं.

सावत्र बाप म्हटलं की आपल्या मनात वेगळंच चित्र येतं. सखाराम अर्जुन तसे नव्हते. ते मुंबईतल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले नावाजलेले डॉक्टर होते. झाडपाल्याचे मोठे जाणकार होते. बाळंतपण, गर्भाची वाढ हे विषय त्यांनी त्या काळात मराठीतून लिहिले. कोवळ्या वयात मूल झालं की आईच्या अंगाचं काय होतं, हे ते रोज डोळ्यांनी बघत होते.

तरीही जातीची रीत त्यांना मोडता आली नाही. रखमा अकरा वर्षांची असताना त्यांच्याच नात्यातल्या दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी तिचं लग्न लावून दिलं गेलं. पण काही महिन्यांतच मुलगी वयात आल्यावर गर्भाधानाचा विधी करून तिला नांदायला पाठवायचा घाट घातला गेला, तेव्हा डॉक्टर आडवे पडले. एवढ्या लहान वयात हे होणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. दादाजीने मधल्या काळात शिकावं, माणूस व्हावं, अशी त्यांची अट होती. दादाजी शिकला नाही. त्याची संगत बिघडली, तब्येत खालावली, कर्ज वाढलं. इकडे रखमा माहेरीच राहिली. शाळा सुटली होती, तरी घरी पुस्तकं आणून वाचत राहिली.

कोर्टाची चार वर्षं

१८८४ साली दादाजीने मुंबईच्या हायकोर्टात दावा टाकला. बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा, असा तो दावा होता. रखमाबाई तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या. अकराव्या वर्षी लागलेल्या लग्नाला आपली संमती नव्हती, म्हणून आपण जाणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. आपल्या देशात असं बोलणारी बाई तोवर कोर्टाने बघितली नव्हती.

खटला चालू असतानाच १८८५ साली डॉ. सखाराम अर्जुन वारले. ज्याने पाठीशी उभं राहायचं तोच गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो बघायला सखाराम अर्जुन नव्हते.

दादाजीने अपील केलं. प्रकरण पुन्हा खालच्या न्यायमूर्तींकडे आलं. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल फिरवला. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा तो हुकूम होता. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. जावं लागलं असतं तर त्या गेल्या असत्या, पण तडजोड झाली. १८८८ साली दादाजीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला आणि दुसरं लग्न केलं.

या काळात सगळा देश दोन भागांत वाटला गेला होता. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने होते. टिळकांच्या केसरीने त्यांच्यावर कडक टीका केली. रखमाबाईंनी स्वतः टाइम्स ऑफ इंडियात एक हिंदू स्त्री एवढीच ओळख देऊन पत्रं लिहिली होती. बालविवाहाने मुलीचं शिक्षण कसं तुटतं, तब्येत कशी ढासळते, हे त्यांनी त्यात मांडलं. १८९१ साली संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलीचं वय दहावरून बारा झालं. त्यामागे हा खटला होता. बारा वर्षं हे वय आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा त्यालाही केवढा विरोध झाला होता.

एक तारीख इथे सांगायलाच हवी. अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांत गेला होता. त्या दुःखातून त्या डॉक्टर झाल्या, पण रोगी तपासायला बसण्याआधीच मृत्यूने गाठलं. आणि त्यानंतर एका आठवड्याच्या आत रखमाबाईंना तुरुंगाचा हुकूम झाला. आनंदीबाईंना जे करायला मिळालं नाही, ते पुढे पस्तीस वर्षं रखमाबाईंनी केलं.

सुरतचा दवाखाना आणि गाभण शेळी

मुंबईत कामा हॉस्पिटलला डॉ. एडिथ पीची नावाच्या इंग्रज बाई डॉक्टर होत्या. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर व्हायला उभारी दिली, पैसे जमवायला मदत केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. १८८९ साली रखमाबाई बोटीने इंग्लंडला गेल्या. लंडनला बायकांसाठीच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या. परीक्षा मात्र त्यांना स्कॉटलंडला जाऊन द्यावी लागली, कारण लंडनची मोठी वैद्यकीय संस्था तेव्हा बायकांना परीक्षेला बसू देत नव्हती. पुढे ब्रुसेल्सची एम.डी. ही पदवीही त्यांनी मिळवली.

परत आल्यावर थोडे दिवस कामा हॉस्पिटलला काम करून १८९५ च्या सुमारास त्या सुरतच्या बायकांच्या दवाखान्यात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या.

त्या काळचं बाळंतपण कसं होतं ते आजच्या पोरींना सांगून खरं वाटणार नाही. घरातली सगळ्यात अंधारी, वारा न लागणारी खोली बाळंतिणीला द्यायची. विटाळ म्हणून अंथरायला जुनी फाटकी कापडं. सुईणीचे हात धुतलेले असतील-नसतील. नाळ कापायला जे हाताला लागेल ते. मूल आडवं आलं किंवा बाई अडली तर नवस आणि अंगारा. दोन-दोन दिवस कळा देऊन बाई थकून जायची. बाळंतज्वराने तरणीताठी बाई आठ दिवसांत जायची. आणि बाई गेली की नशिबाचा भोग म्हणून घर गप्प बसायचं.

अशा काळात दवाखाना बांधून डॉक्टर बसवली म्हणून बायका येतील असं नव्हतं. दवाखान्यात माणूस मरायलाच जातं, अशी समजूत होती. परजातीची माणसं हात लावतील, पाणी बाटेल, ही भीती वेगळीच. खाटा रिकाम्या राहायच्या.

तेव्हाची एक आठवण सांगितली जाते. बाळंतपणाला एकही बाई दवाखान्यात येईना, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणवली. तिची नीट काळजी घेतली आणि तिचं बाळंतपण तिथे सुखरूप करून दाखवलं. शेळी आणि करडू दोन्ही ठणठणीत. लोकांमध्ये बोलबाला झाला. ज्या जागेत मुकं जनावर सुखाने मोकळं होतं, तिथे आपल्याला काय होणार, असा विचार बायकांनी केला आणि हळूहळू एकेक येऊ लागली.

रखमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या घरोघरी जायच्या, बायकांना गोळा करून स्वच्छतेचं, आजारपणाचं सांगायच्या. १८९६ नंतर प्लेगची साथ आली, पाठोपाठ दुष्काळ आला. त्या काळात त्यांनी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९०४ साली दादाजी वारल्याचं कळलं, तेव्हापासून त्यांनी विधवेसारखी पांढरी साडी नेसली. ज्या लग्नाला त्यांनी भर कोर्टात नकार दिला, त्याच नवऱ्यासाठी हे का, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला, आजही पडतो. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

सुरतेत वीसहून जास्त वर्षं काढल्यावर १९१८ च्या सुमारास त्या राजकोटला गेल्या. तिथल्या रसूलखानजी जनाना हॉस्पिटलात सुमारे बारा वर्षं मुख्य डॉक्टर होत्या. राजकोटला रेडक्रॉसचं कामही त्यांनी उभं केलं. निवृत्त होऊन मुंबईला आल्यावर पडदा पद्धतीविरुद्ध लिहिलं. भारतात प्रत्यक्ष दवाखाना चालवणाऱ्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांचं नाव घेतलं जातं.

गाईचं कळतं, सुनेचं का कळू नये?

शेळीची गोष्ट शेतकऱ्याला लगेच पटते, कारण जनावर कधी विणार हे आपल्याला न शिकवता कळतं. कास भरून येते. सड ताठ होतात. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात. मागून काचेसारखा चिकट स्राव लोंबतो. गाय वैरणीवरून तोंड काढते, सारखी उठते-बसते. असं दिसलं की त्या रात्री घरधनी गोठ्यातच अंथरूण टाकतो. वासरू अडलं तर जनावरांच्या डॉक्टरला मध्यरात्री फोन जातो.

बाईच्या बाबतीत मात्र उलट होतं. सून बोलत नाही, सासूला वाटतं अजून वेळ आहे, नवरा बाजारच्या गावी गेलेला असतो, सकाळी बघू म्हणून रात्र काढली जाते. १८९५ सालची कळ आणि आजची कळ यात काही फरक पडलेला नाही. फरक पडलाय तो मदतीत. ती मदत वेळेवर गाठायची असेल तर खुणा घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजेत, पुरुषांनाही.

दिवस कधी भरतात? शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की डॉक्टरने दिलेली तारीख येते. पण त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बाया फार थोड्या. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून कधीही कळा येऊ शकतात. तारीख उलटून गेली तर घरी वाट बघत बसू नये, दवाखान्यात दाखवून घ्यावं.

आधीच्या खुणा. शेवटच्या काही आठवड्यांत पोट खाली उतरतं. श्वास घ्यायला, जेवायला मोकळं वाटतं, पण ओटीपोटावर दाब येतो आणि लघवीला सारखं जावं लागतं. पहिलटकरणीला हे दोन-तीन आठवडे आधी जाणवतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळा सुरू होईपर्यंत पोट उतरतही नाही. कंबर भरून येते. पोट मधूनच कडक होऊन पुन्हा सैल पडतं.

खोट्या कळा. पोट कडक होतं, पण त्याला ताळमेळ नसतो. एकदा दहा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, मग तासभर काहीच नाही. कूस बदलली, पाणी प्यायलं, थोडं चाललं की थांबतात. दुखणं बहुतेक पुढच्या बाजूलाच राहतं. घाबरायचं कारण नाही, पण लक्ष ठेवायचं.

खऱ्या कळा. दुखणं बहुधा कमरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येतं. पोटावर हात ठेवला तर दगडासारखं लागतं आणि कळ ओसरली की मऊ होतं. कळा ठरावीक वेळाने येतात. मधला वेळ कमी होत जातो आणि कळ जास्त वेळ टिकते, जास्त जोराची होते. चाललं, झोपलं, काही केलं तरी थांबत नाहीत. कळ आली की बाईला बोलता येत नाही. मोबाईलचं घड्याळ इथे कामाला येतं. कळ किती वाजता आली आणि किती सेकंद टिकली हे कागदावर लिहा. तासभर दर पाच मिनिटांनी कळ येतेय आणि ती पाऊण ते एक मिनिट टिकतेय, तर बाळंतपण नक्की सुरू झालं.

पण आपल्याकडे पाच मिनिटांची वाट बघायची नाही. हा हिशोब दवाखान्याशेजारी राहणाऱ्यांचा. ज्यांची वस्ती रस्त्यापासून आत आहे, मधे ओढा आहे, गाडी मिळायला तास लागतो, त्यांनी कळा ठरावीक वेळाने येऊ लागल्या की निघावं. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर आणखी लवकर, कारण पहिल्या खेपेला बारा-पंधरा तास लागले असतील तरी पुढच्या खेपेला त्याच्या निम्म्यातच सगळं उरकतं. वाटेत गाडीत होणारी बाळंतपणं बहुतेक याच चुकीने होतात. आधीचं सिझेरियन असेल तर पहिल्या कळेलाच दवाखाना गाठायचा.

अंगावरून लालसर चिकट जाणं. पिशवीच्या तोंडाशी नऊ महिने असलेला घट्ट चिकट पडदा सुटतो, त्यात थोडं रक्त असतं. तोंड उघडायला लागल्याची ही खूण. यानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत कळा येतात. थोडंसं रक्त ठीक. पाळीसारखं लाल रक्त जात असेल तर तो धोका, लगेच निघा.

पाणी जाणं. पाणमोट फुटली की कधी एकदम भळकन पाणी जातं, कधी नुसतं थेंब थेंब पाझरतं. लघवी झाली असं वाटून बाया लाजेने सांगत नाहीत. लघवी रोखून धरता येते, हे पाणी रोखता येत नाही. स्वच्छ कापड ठेवून रंग बघा, वेळ लिहून ठेवा. पाणी गेलं की कळा नसल्या तरी घरी थांबायचं नाही, कारण आतमध्ये जंतू जायची वाट मोकळी झालेली असते. पाणी हिरवं-काळपट असेल तर बाळाने आत शी केलेली असते. तिथे एक मिनिटही घालवू नये.

या खुणा दिसल्या तर कळांची वाटच बघायची नाही

बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली.
अंगावरून लाल रक्त जातंय, दुखत असो वा नसो.
डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येतायत, तोंडावर-हातांवर सूज चढलीय, छातीखाली पोटात दुखतंय. हा रक्तदाब वाढल्याचा इशारा असतो, यातूनच झटके येतात.
झटका आला किंवा बाई बेशुद्ध पडली.
थंडी वाजून ताप आला.
पोट एकसारखं कडक राहतंय, मधे सैल पडतच नाही.
३७ आठवड्यांच्या आधीच कळा आल्या किंवा पाणी गेलं. दिवस भरले नाहीत म्हणून या कळा खोट्याच असणार, असं समजू नका. वेळेत पोचलं तर डॉक्टर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देऊ शकतात.
पाणी गेल्यावर नाळ बाहेर आली. अशा वेळी बाईला गुडघ्यावर ओणवं ठेवून, डोकं खाली कंबर वर अशा स्थितीत तातडीने हलवा. नाळ आत ढकलू नका.

काही गोष्टी करायच्याच नाहीत. घरी कुणाकडूनही आतून तपासून घ्यायचं नाही. वरून पोट दाबायचं नाही. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी घ्यायचं नाही. जनावराला पान्हा सोडायला काही जण जे इंजेक्शन वापरतात, ते त्याच औषधाचं. दवाखान्यात ते थेंब मोजून, बाळाचे ठोके बघत देतात. घरी टोचलं तर पिशवी फाटून आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात.

तयारी आठव्या महिन्यातच

१०२ ही गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठीची सरकारी गाडी आहे, तिचं भाडं लागत नाही. तातडीचं असेल तर १०८. दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये, आणि भिंतीवरही लिहून ठेवा, कारण नेमक्या वेळी मोबाईलची बॅटरी उतरलेली असते. आशाताईंचा नंबर त्याच्याशेजारी. सरकारी गाडीला वेळ लागला तर गावातली कुणाची जीप निघेल, हे आधीच बोलून ठेवा. पावसाळ्यात पूल बुडत असेल तर तारखेच्या आधीच रस्त्यावरच्या पाहुण्यांकडे बाईला नेऊन ठेवलेलं बरं.

पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, धुतलेले सुती कपडे, बाळाला गुंडाळायला स्वच्छ फडकी. रक्तगट माहीत पाहिजे आणि रक्त द्यायला दोन माणसं ठरलेली पाहिजेत. थोरलं पोर कोण सांभाळणार, धारा कोण काढणार, हेही ठरवा. बऱ्याच बाया केवळ या काळजीने कळा लपवतात.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनी तर जास्तच जपावं. फडावर असताना जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं, तिथली आशाताई कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं. कार्ड गावाकडे ठेवून जाऊ नये.

बाळंत झाल्यावर निदान दोन दिवस दवाखान्यात राहावं. बाळंतपणानंतर जास्त रक्त जाणं हे आईच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे आणि ते बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतं.

अजून तेहतीस

सरकारच्या २०१८ ते २०२० च्या पाहणीनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. रखमाबाईंच्या काळाशी तुलनाच नको, एवढी ही सुधारणा आहे. पण ज्या घरातली बाई गेली, त्या घराला ३३ काय आणि ९७ काय. यातले बरेच मृत्यू टळण्यासारखे असतात. घरात निर्णय व्हायला उशीर, गाडी मिळायला उशीर, दवाखान्यात उपचार सुरू व्हायला उशीर, असे तीन उशीर सांगितले जातात. शेवटचा सरकारने बघायचा आणि त्याबद्दल आपण जाब विचारायचा. दुसऱ्याची सोय आधी लावता येते. पहिला उशीर मात्र पूर्णपणे आपल्या घरातला, आपल्या हातातला.

दवाखान्यात कधी जायचं हे ठरवायला अजूनही काही घरांत बाई सोडून बाकी सगळे असतात. सासू, सासरा, दीर, शेजारची म्हातारी. ज्या बाईला कळा येतात तिला कुणी विचारत नाही. रखमाबाई कोर्टात उभ्या राहिल्या त्या याच मुद्द्यावर, की माझ्या देहाचं काय करायचं ते ठरवताना मलाही विचारलं पाहिजे. सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला. आज त्यांच्या फोटोला हार घालून झाला की घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, तर तिच्याजवळ बसावं. तिची तारीख, तिचं कार्ड, गाडीवाल्याचा नंबर एकदा बघून घ्यावं. आणि ती म्हणाली की आता निघायला पाहिजे, तर सकाळची वाट न बघता उठावं.